ऋणकोच्या बाजूचा माणूस कोठे आहे?

परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत धनकोंची वाण नाही. जिल्हा मध्यवर्ती बँक आहे, राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा आहेत, ग्रामीण बँक आहे, पतसंस्था आहेत. वस्तीवर बायकांचा गट बसवून ठरल्या वारी हप्ता गोळा करणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या आहेत. परवान्याचा सावकार आहे आणि बिनपरवान्याचाही आहे. त्यात आता मोबाइलवर क्षणार्धात पैसे टाकणाऱ्या ॲपची भर पडली आहे. या प्रत्येकाकडे वसुलीचा माणूस आहे, बहुतेकांकडे वकीलही आहे. उणीव आहे ती एकाच माणसाची. ऋणकोशेजारी बसून त्याचे कागद वाचणारा, यातले कोणते देणे कायद्याने लागते व कोणते लागत नाही, कोणते आधी फेडावे, कोणाकडे मुदत मागावी हे सांगणारा, आणि त्या सांगण्याबद्दल धनकोकडून छदामही न घेणारा असा माणूस जिल्ह्यात शोधावा लागतो.

ही उणीव राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये 'वित्तीय साक्षरता व पत समुपदेशन केंद्रां'ची आदर्श योजना जाहीर केली. योजना कागदावर चांगली होती. सल्ला विनामूल्य असावा, केंद्र शक्यतो बँकेच्या आवारात नसावे, त्याने बँकेपासून हात राखून वागावे आणि कोणत्याही बँकेच्या योजनांचे विक्रीकेंद्र होऊ नये, अशी तत्त्वे त्यात नमूद होती. परंतु केंद्रे काढायची बँकांनी आणि खर्च करायचा तोही बँकांनीच. प्रतिवादीच्या वकिलाची फी वादीने द्यावी आणि वकिलाने निःपक्षपाती राहावे, अशी ही अपेक्षा! पुढे २०१२ साली नव्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि या केंद्रांचे नाव नुसते 'वित्तीय साक्षरता केंद्र' झाले. 'समुपदेशन' हा शब्द पाटीवरून गळाला. पाटीवरून गेलेला शब्द कामात फार काळ टिकत नाही. अशा केंद्राचा मुख्य उद्योग आता मेळावे भरविणे, खाती उघडण्याचे महत्त्व सांगणे आणि बचतीचे धडे देणे हा आहे.

बचतीचे धडे! कर्जबाजारीपणाचे मूळ ऋणकोच्या अडाणीपणात आणि उधळेपणात आहे, हा धनकोवर्गाचा फार जुना सिद्धान्त आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हाही लग्नकार्यातील खर्चाकडे बोट दाखविले गेले. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते असे नोंदविले. तो आयोग इंग्रज सरकारचा होता, समाजवाद्यांचा नव्हता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात तर समेट घडविणाऱ्या मध्यस्थांची तरतूद होती. जेथे असा मध्यस्थ नेमलेला असे, तेथे त्याच्याकडे गेल्याचा दाखला घेतल्यावाचून सावकाराला शेतकऱ्यावर दावा लावता येत नसे. मध्यप्रांताने १९३३ साली कर्जसमेट मंडळांचा कायदा केला. धनंजयराव गाडगीळांच्या समितीने १९४५ साली शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जाची सक्तीने तडजोड करावी असे सुचविले. या साऱ्या योजनांत दोष होते, पळवाटा तर होत्याच. तरीही त्यांनी एक गोष्ट मान्य केली होती: ऋणको आणि धनको हे समबल पक्ष नाहीत आणि नुसत्या उपदेशाने ते समबल होत नाहीत.

परभणीचा शेतकरी आज सल्ला मागतो कोणाला? बी-बियाणे व खत उधारीवर देणाऱ्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाला, मोंढ्यातल्या आडत्याला किंवा पतसंस्थेच्या संचालकाला. तिघेही त्याचे धनको आहेत. ऊसतोडीला जाणारा मजूर मुकादमाला विचारतो, आणि त्याची उचल त्याच मुकादमाच्या वहीत असते. याहून निराळा भेटतो तो दलाल. 'सेटलमेंट करून देतो', 'सिबिल सुधारून देतो' म्हणत तो आगाऊ पैसे घेतो, कोऱ्या कागदावर सही घेतो आणि हप्ते थांबवायला सांगून नाहीसा होतो. गंगाखेडच्या खासगी साखर कारखान्यावर शेतकऱ्यांच्या नावे परस्पर कोट्यवधींचे कर्ज उचलल्याचा आरोप होऊन २०१७ साली गुन्हा दाखल झाला. आरोपाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. परंतु आपल्या सातबाऱ्याच्या आणि आधारच्या प्रती कोठे गेल्या व कोणत्या कर्जाला चिकटल्या, हे शेतकऱ्याला बँकेची नोटीस येईपर्यंत कळू नये, ही स्थिती आरोप लिहिला गेला तेव्हाही होती आणि त्याआधीही होती. सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखविणारा कोणी जवळ असता, तर अशा प्रकरणांचा पायाच घातला जाता ना.

अशा माणसाला काय ठाऊक असावे लागते? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला द्यावयाच्या कर्जावर व्याजाचा कमाल दर तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के व बिनतारणी कर्जाला १२ टक्के ठरविण्यात आला. खेड्यात मात्र दर बोलला जातो तो महिना शेकडा तीन रुपये, पाच रुपये. म्हणजे वर्षाला ३६ ते ६० टक्के. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही कायद्यात आहे. सावकारीपोटी लिहून घेतलेले खरेदीखत जिल्हा निबंधक चौकशीअंती रद्द करून जमीन परत देऊ शकतो. दुष्काळ जाहीर झाला तर पीककर्जाचे पुनर्गठन करून मुदत वाढवून मागता येते. पण पुनर्गठित कर्जावर पुढे व्याज कसे बसेल, हे सही करण्याआधी समजून घ्यावे लागते. हे सारे कायद्यात व परिपत्रकांत आहे. ते जिंतूर वा पालमच्या एखाद्या विधवेपर्यंत पोहोचविणारा पगारी माणूस मात्र नाही.

मायक्रोफायनान्सचे गणित याहून बोलके आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशाप्रमाणे ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्याला असे कर्ज देता येते आणि त्या कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. महिना २५,००० मिळविणाऱ्या घराने १२,५०० हप्त्यांत घातले तरी नियम मोडत नाही! याच निर्देशाने व्याजदरावरची जुनी मर्यादाही उठविली. शिवाय हे मासिक उत्पन्न कागदावरचे. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास येते, कापूस त्यापुढे वेचणीवेचणीने येतो, आणि हप्ता मात्र आषाढातही त्याच वारी द्यावा लागतो. म्हणून एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरला जातो. याला साक्षरतेचा अभाव म्हणणे हा अर्थशास्त्राचा अपमान आहे.

आता दुसरीकडे पाहावे. गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणच्या वाटेवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. ही कंपनी बुडाली तेव्हा २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे तिच्यासाठी नोंदणीकृत व्यावसायिक नेमला गेला, वसुलीच्या दाव्यांना स्थगिती मिळाली, आणि २०२१ साली सुमारे ६४ हजार कोटींच्या मान्य दाव्यांपोटी तीन हजार कोटींहूनही कमी रकमेची योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती रद्द केली हे खरे. पण व्यवस्था होती, तज्ज्ञ होता, स्थगिती होती. त्याच संहितेत गरीब ऋणकोसाठी 'नव्या प्रारंभा'चे प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत, अशा त्याच्या अटी. दोन एकर कोरडवाहूचा धनी या चाळणीतून पडेलच कसा? आणि एवढे तोकडे प्रकरणही संहिता झाल्यावर वर्षानुवर्षे अमलात आणले गेले नाही.

शेतमालाला रास्त भाव मिळाला तर कर्जाचा प्रश्नच उरणार नाही, मग हे सल्लागाराचे खूळ कशाला, असे शेतकरी चळवळीतील काही मित्र विचारतील. भावाची लढाई खरी आहे, तिच्यात माघार नको. पण भाव मिळेतोवर जमिनीचा लिलाव थांबत नाही, आणि भूमिहीन मजुराच्या बायकोच्या हप्त्याला हमीभावाचा आधार नाही. कर्जमाफीचेही तसेच. २००८, २०१७ व २०१९ च्या माफ्यांनी बँकांची थकबाकी हलकी केली. बिनपरवान्याच्या सावकाराची वही त्यांना दिसलीच नाही.

केरळने २००६ साली शेतकरी ऋणमुक्ती आयोगाचा कायदा केला. त्याचे अधिकार मर्यादित आहेत, पण शेतकऱ्याचा अर्ज घेऊन धनकोला समोर बोलाविणारी यंत्रणा त्यातून उभी राहिली. महाराष्ट्राला नवी इमारतही बांधावयाची नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तालुका विधी सेवा समित्या दिल्या आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्नाचे लोक विनामूल्य साहाय्यास पात्र आहेत. या समित्यांकडे प्रत्येक तालुक्यात एक पूर्णवेळ कर्जसल्लागार द्यावा. त्याचा पगार राज्याच्या तिजोरीतून व्हावा, आणि हवा तर तो धनको संस्थांवर उपकर बसवून उभा करावा; मात्र नेमणूक व बडतर्फी त्यांच्या हाती नसावी. ऋणकोचा अर्ज त्याच्यापुढे असेतो जप्ती व तगादा थांबावा. लोकअदालतीत बँकेच्या अधिकाऱ्यासमोर आज शेतकरी एकटाच बसतो. तेथे हा सल्लागार त्याच्या शेजारी बसावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा सल्लागार समितीत अग्रणी बँक आपले आकडे मांडते. त्याच बैठकीत या सल्लागाराचा अहवालही वाचला जावा: कोणत्या कंपनीविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती खरेदीखते रद्द झाली, किती अर्ज कोणाच्या टेबलावर पडून राहिले. पक्षाच्या परभणी जिल्हा शाखेने ही मागणी घेऊन समितीच्या पुढच्या बैठकीच्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीवर जावे, आणि जाताना गावोगावच्या कर्जाचे कागद बरोबर न्यावेत.