चहातलं बिस्किट

परवा घरी सगळे जमलो होतो. आत्याने नेहमीसारखं बिस्किट चहात बुडवलं, तर नुकताच इस्रायलहून धर्माचा अभ्यास करून आलेला आमचा भाचा सगळ्यांदेखत म्हणाला, "आजी, हात न धुता? हे चालत नाही." आत्या ओशाळली. बिस्किट बशीत तसंच राहिलं. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

नियम आहे, नाही कोण म्हणतंय? तालमूदात (पेसाहीम ११५अ) सांगितलंय की द्रवात बुडवून खायचा पदार्थ असेल तर आधी हात धुवावेत. द्रव सातच: पाणी, दंव, दूध, मध, वाइन, ऑलिव्ह तेल आणि रक्त. म्हणजे धुतलेली ओली द्राक्षं आली, चहा आला. उसाचा रस मात्र नाही. हा स्वच्छतेचा नियम नव्हे, मंदिराच्या काळातल्या शुद्धाशुद्धीचा आहे. योसेफ कारोंचा शुल्हान आरूख तर म्हणतो, बोट ओल्या भागाला लागलं नाही तरी धुवा. फक्त बेराखा म्हणू नका.

बेराखा का नाही? कारण मुळातच मतभेद आहेत! मध्ययुगातल्या तोसाफोतकारांचं म्हणणं, आता ती शुद्धता आपण पाळतच नाही, तर हे धुणंही लागू नाही. मिश्ना ब्रुरा कडक बाजू घेते, पण सवलतीचं मतही नोंदवते. म्हणजे आत्या अडाणी नाही. तिच्या बाजूने मोठमोठे रब्बी उभे आहेत.

आता आपल्यालाही दोन शब्द. सेदेरच्या रात्री कार्पासआधी आपण बेराखा न म्हणता हात धुतो, तो हाच नियम. मग वर्षभर तो कुठे जातो? हा टोमणा १७व्या शतकात 'ताझ'कार दाविद हालेवींनीच मारून ठेवलाय. तेव्हा "जुनं खूळ" म्हणून हसणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं.

पण चारचौघांत कुणाचा चेहरा उतरवणं हे रक्त सांडण्यासारखं आहे, हेही तालमूदच सांगतं (बाबा मेत्सिया ५८ब). ते पाप आहे यावर मात्र कुणाचंच दुमत नाही. संशयाचा नियम पाळायला निघालास आणि खात्रीचा मोडलास, भाच्या!

मी स्वतः आता धुतो. आत्याला सांगत नाही. वाचतोयस ना? पुढच्या खेपेला आपले हात गुपचूप धू आणि आजीला चहा नेऊन दे. तिने विचारलं, तर सांग.