हमी नव्या कणाची नव्हे, क्षमतेची मागा

सर्न ही युरोपीय संशोधन संस्था सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या कोलायडरचा विचार करीत आहे. पहिल्या टप्प्याचा अंदाजित खर्च १५ अब्ज स्विस फ्रँकच्या घरात आहे. २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य असलेल्या भारतालाही आपली भूमिका ठरवावी लागेल. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो ‘नवा कण सापडेल का?’ हा. माझ्या मते तो चुकीचा प्रश्न आहे.

४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली. त्यानंतर लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये एकही नवा मूलभूत कण हाती लागलेला नाही. पुढच्या यंत्रात तो लागेलच, असे वचन कोणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मग करदात्याने पैसा कशासाठी द्यावा?

याचे उत्तर मी म्हैसूरमधून शोधतो. जवळच्या नंजनगुडचे बी. व्ही. श्रीकांतन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि तेथून कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. १९६५ मध्ये तेथे, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, भारतीय, जपानी व ब्रिटिश संशोधकांनी वातावरणीय न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. तो जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी एक होता. त्या खाणीने देशाला संशोधकांची एक पिढी दिली. पुढे प्रयोग थांबले, २००१ मध्ये खाणही बंद झाली. पर्याय म्हणून २०१५ मध्ये मंजूर झालेली न्यूट्रिनो वेधशाळा तमिळनाडूतील विरोधामुळे रखडली. शोध ग्रंथांत राहतो. प्रयोग उभारणारे हात मात्र काम नसेल तर विखुरतात.

लार्ज हॅड्रॉन कोलायडरचे चुंबक ज्यांवर तोलले आहेत, ते सात हजारांहून अधिक जॅक भारताने पुरवले. सीएमएस शोधकाच्या उभारणीतही आपले शास्त्रज्ञ होते. हे अभिमानास्पद आहे, पण पुरेसे नाही.

म्हणून केंद्राने नव्या प्रकल्पात सहभागी व्हावे, मात्र दोन अटींवर. शोधकांच्या काही भागांचा आराखडा आणि चाचणी येथेच व्हावी. आणि ते काम मोजक्या केंद्रीय संस्थांपुरते न राहता म्हैसूरसारख्या राज्य विद्यापीठांपर्यंत पोहोचावे. निधीची हमी किमान दोन दशकांची असावी. कण निसर्गाच्या मर्जीने सापडेल वा सापडणार नाही. माणसे घडवणे मात्र धोरणाच्या हाती आहे.