कोण लागलंय मागं?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा उन्हाळा सरत आलेला असेल. एरवी या पानावर आपण एखाद्या कायद्याविषयी, एखाद्या केसविषयी, एखाद्या आंदोलनाविषयी बोलतो. या वेळी मी धावण्याविषयी लिहिणार आहे. कुणाच्या मदतीला धावून जाण्याविषयी नाही, की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच्या धावपळीविषयीही नाही. पहाटे उठून, मैत्रिणींबरोबर, मजा म्हणून धावण्याविषयी. काहीजणींना हा विषय चैनीचा वाटेल. मलाही तसाच वाटत होता, म्हणूनच लिहावंसं वाटलं.

तसं पाहिलं तर आपल्या बोलण्यात बाई सतत धावतच असते. तिची धावपळ होते, ती धावतपळत बस गाठते, नात्यात कुणी आजारी पडलं की धावून जाते. पण ‘ती रोज धावायला जाते’ हे वाक्य माझ्या पिढीच्या घरांत मी कधी ऐकलं नव्हतं. सातवीपर्यंत मी लंगडी खेळले, खो-खो खेळले, पळण्याच्या शर्यतीत बक्षीसही मिळवलं. मग पाळी आली आणि मैदान सुटलं. ‘जाऊ नकोस’ असं कुणी म्हटलं नाही. फक्त संध्याकाळची कामं माझ्या नावावर आली. त्यानंतर मी पळण्यासाठी मैदानावर पाय ठेवला तो थेट पन्नाशी ओलांडल्यावर, २०२३ च्या एप्रिलमध्ये.

आम्ही सहाजणी होतो. एक बँकेतली, दोघी शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, एक नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी आणि मी. दोघींना डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं होतं, हे निमित्त. पहिल्या दिवशी सोलापूरच्या होम मैदानावर आम्ही सलवार-कमीज घालून, ओढण्या कमरेला घट्ट बांधून जमलो. एकीच्या पायात मुलाचे बूट होते, पुढे कापूस कोंबलेले. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं ठरलं. दुसऱ्या खांबाला पोचेपर्यंत धाप लागली, बरगडीखाली कळ आली, आणि सगळ्याजणी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की पुढचा खांब राहूनच गेला. घरी आल्यावर दिवसभर पाय दुखत होते. पण मनात काहीतरी हलकं झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या सहाजणी हजर होत्या.

आता सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय, हे इथल्या मैत्रिणींना सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. मे महिन्यात सहाच्या आधीच सूर्य उगवतो आणि सात वाजता ऊन टोचायला लागतं. संध्याकाळी उशिरापर्यंत दगड आणि डांबर गरमच असतं. म्हणजे पळायचं तर पहाटे पावणेपाचला निघायला हवं, नाहीतर रात्री आठनंतर. उन्हाळ्यातला गार वेळ म्हणजे अंधाराचा वेळ. आणि अंधाराचा वेळ बाईचा नाही, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. हिवाळ्यात सात वाजताही पळता येतं, तेव्हा हा प्रश्न तितका जाणवत नाही. उन्हाळा मात्र आपल्याला सरळ विचारतो : ऊन घेणार की अंधार?

पुरुषांना हा प्रश्न पडत नाही. पहाटे पाचला मैदानावर ते असतातच. पळतात, जोर मारतात, कट्ट्यावर बसून गप्पा मारतात. आमच्या घरी मात्र प्रश्नांची रांग लागली. एवढ्या अंधारात? कुत्री असतात. डबा कोण करणार? लोक काय म्हणतील? पहिल्याच आठवड्यात एक मोटारसायकलवाला आमच्याभोवती तीन चकरा मारून गेला. एकदा कुणीतरी अंधारातून म्हशीची उपमा दिली. आम्ही नियम केला की मैदानापर्यंत कुणीही एकटीनं यायचं नाही. दोघी-दोघींनी एकमेकींच्या दारातून निघायचं. मोटारसायकलवाला पुन्हा आला तेव्हा सहाहीजणी थांबून त्याच्याकडे नुसतं बघत राहिलो. तो परत दिसला नाही. एकीनं हे केलं असतं तर तिला घरी बसावं लागलं असतं. गटाचं बळ म्हणतात ते हे. त्याविषयी मी व्याख्यानं बरीच दिली आहेत, पण पहाटे पाच वाजता ते इतकं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

घरच्या प्रश्नांना आमच्याकडे एकच उत्तर होतं : ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ हे उत्तर चालतं. बाईची तब्येत बिघडली तर घर बिघडतं, म्हणून ती सुधारायला परवानगी मिळते. पण ज्यांना साखर नव्हती, त्यांनीही हेच सांगितलं! ‘मला मजा येते म्हणून जाते,’ असं आमच्यापैकी एकीनंही घरी म्हटलं नव्हतं. मीही नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून, अनवाणी धावलेल्या लता करे आठवतात ना? नवऱ्याच्या उपचारांसाठी त्या धावल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपटही आला. त्यांच्या जिद्दीपुढे मान झुकतेच. पण मला प्रश्न पडतो, त्याच वयाची बाई त्याच रस्त्यावर स्वतःच्या आनंदासाठी धावली असती तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या का? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईविषयी हेच मांडलं आहे. रस्त्यावरच्या बाईकडे काहीतरी काम असावं लागतं. कामाशिवाय, उगाचच तिथं असण्याचा हक्क तिला मागावा लागतो.

बायकांच्या पळण्याला कारणं विचारण्याची आणि ते बंद करायला कारणं शोधण्याची रीत फक्त आपलीच नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काहीजणी दमलेल्या दिसल्या म्हणून ओरड झाली, आणि ती शर्यत ऑलिंपिकमध्ये परत यायला १९६० साल उजाडलं. शर्यत संपवून दमलेला पुरुष मर्द ठरतो, दमलेली बाई मात्र नाजूक! बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब नंबराशिवाय धावली. १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर नंबर लावून धावत असताना एका अधिकाऱ्यानं तिला रस्त्यातच ओढायचा प्रयत्न केला. तिथं बायकांना रीतसर प्रवेश मिळाला १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू झाली १९८४ मध्ये. इतकी वर्षं ‘बाईच्या शरीराला हे झेपणार नाही’ असं सांगितलं गेलं, आणि त्याच वर्षांत आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन उन्हातून चालत होत्या. ते झेपतं की नाही, कुणी विचारलं नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या अशाच दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, तेव्हा मला या हंड्यांची आठवण झाली.

सगळं छानच चाललं होतं असं मात्र नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही हौसेनं विजापूर रस्त्यानं संभाजी तलावापर्यंत जायचं ठरवलं. निघायला उशीर झाला. परतताना एक मैत्रीण अडखळू लागली. अंगावर काटा आला, चक्कर, मळमळ. तिला सावलीत निजवलं, पाय उशाशी घेतलेल्या पिशवीवर ठेवले, ओढण्या भिजवून अंगावर घातल्या, घोटघोट पाणी दिलं. अर्ध्या तासानं ती बोलती झाली आणि जे बोलली त्यानं आम्ही गप्प झालो. आदल्या रात्रीपासून तिनं पाणीच प्यायलं नव्हतं. वाटेत लघवीला जाणार कुठं, म्हणून!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणी हेच करतो? मोर्चाला निघताना, प्रवासाला निघताना, शाळेत, बाजारात. सार्वजनिक ठिकाणी बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी हवी म्हणून मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा काहींनी नावालाच नाकं मुरडली होती. त्या रविवारी मला त्या मागणीची निकड पोटातून समजली. त्यानंतर आम्ही वाटेवरच्या दोन ओळखीच्या घरांशी बोलून ठेवलं. त्यांच्या अंगणातलं स्वच्छतागृह पहाटे आमच्यासाठी उघडं असतं. हा तात्पुरता उपाय आहे, हे आम्हाला माहीत आहे.

कामाच्या दोन गोष्टी इथंच सांगते. एकदम उन्हाळ्यात पळायला सुरुवात करू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर थोडं पळा, जास्त चाला. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाणी बरोबर ठेवा. कुणी असंबद्ध बोलू लागली, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. मग घरगुती उपायांवर न थांबता अंगावर भरपूर पाणी ओतत तिला लगेच दवाखान्यात न्या.

दुसरा उतार आमच्या आपसातला. नोकरी करणाऱ्या मुलीनं मोबाइलवर अंतर आणि वेळ मोजायला सुरुवात केली. रोज गटावर आकडे यायला लागले. पुढच्या दोघी पुढे, मागच्या मागे. उशिरा येणाऱ्यांना मी, मोर्चाला उशीर करणाऱ्यांना बोलावं तशी बोलू लागले. शिवणकाम करणारी मैत्रीण यायची थांबली. तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, “ताई, आमच्या गल्लीत चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येतो, तो पहाटेच. त्या दिवशी मी पाणी भरू की तुमचे आकडे?” मला लाज वाटली. पाणीप्रश्नावर हंडा मोर्चे काढलेली मी, पण माझ्याच मैत्रिणीचा पाण्याचा दिवस मला ठाऊक नव्हता.

आम्ही बसून बोललो. रडारडही झाली. जिला वेगानं पळायचं आहे तिनं का पळू नये, हाही मुद्दा निघाला, आणि तो खरा होता. शेवटी ठरलं ते असं : पुढची पुढे जाईल, पण टोकाला पोचली की मागे वळून शेवटच्या मैत्रिणीपर्यंत परत येईल आणि तिच्याबरोबर पुन्हा पुढे जाईल. जिला जास्त पळायचं तिचं जास्त पळणं होतं आणि एकटी कुणीच पडत नाही. पाण्याच्या दिवशी येणार नाही तिला कुणी जाब विचारणार नाही.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही. मैदानाच्या कडेला शेअर रिक्षाची वाट पाहत एक विडी कामगार बाई बसायची, तयार विड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. आठ-दहा दिवस तिनं आम्हाला बघितलं आणि एकदा विचारलं, “ताई, तुम्ही पळताय कशाला? कोण लागलंय मागं?” आम्ही हसलो. तिला म्हटलं, तूही ये. ती म्हणाली, “मला एवढा मोकळा वेळ मिळाला तर मी झोपेन.”

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका बिनमोल घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७. विड्या वळणाऱ्या बाईची ही मिनिटं मजुरीच्या कामाच्या वर येतात. आमच्यातल्या चौघींकडे पहाटेचा तास आला तो काही अंशी भांडी घासायला दुसरी बाई येते म्हणून. हे विसरून ‘धावणं हा स्त्रीचा हक्क’ अशी घोषणा दिली तर ती अर्धीच होईल. आपली मागणी पळण्यापुरती नाही, मोकळ्या वेळाची आहे. त्यात कुणी पळेल, कुणी पाय पसरून झोपेल. तिची झोपही तितकीच राजकीय मागणी आहे, जितकं आमचं पळणं.

हल्ली पळून झाल्यावर आम्ही तिच्या शेजारी कट्ट्यावर बसतो. शेंगा-गूळ वाटून खातो. रिक्षा येईपर्यंतची ती दहा मिनिटं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवते. यापेक्षा जास्त काही आम्ही तिच्यासाठी करू शकलेलो नाही.

शिवणकाम करणारी मैत्रीण परत आली. मोबाइलवाली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिथं पहाटे एकटीला सोडत नाहीत, असं तिनं कळवलंय. या उन्हाळ्यात तिघी नव्यानं आल्या आहेत. मागच्या आठवड्यात घरी पाहुणे होते. “एवढ्या पहाटे कुठं?” म्हणून त्यांनी विचारलं. डॉक्टरांचं नाव तोंडावर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, “पळायला. मजा येते.” इतकं साधं वाक्य म्हणायला मला तीन उन्हाळे लागले.

तुमच्या गावात, वस्तीत बायकांसाठी खेळायची जागा आहे का? कुठल्या वेळी तिथं जाता येतं? पहाटे उघडं असलेलं स्वच्छतागृह किती अंतरावर आहे? तुमच्या गटात हे प्रश्न जरूर बोला आणि आम्हाला लिहा. आलेली पत्रं पुढच्या अंकात छापू. आणि हो, तुम्ही शेवटचं कधी पळला होता, कुणी मागं लागलेलं नसताना, तेही लिहा.

वाट पाहते.

– संपादक