शिक्का पन्नास रुपयांचा, किंमत अज्ञानाची

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांच्या बळावर आपली मुले परदेशी विद्यापीठांत पोहोचत आहेत. काही जण नोकरीसाठी आखातात जातात. मात्र पदवी, जन्मदाखला अथवा विवाहाचा दाखला परदेशात चालावा म्हणून जो शिक्का लागतो, त्याची माहिती समाजात नाही. या अज्ञानावर दलालांची दुकाने चालतात.

हा शिक्का म्हणजे काय? भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६१ नुसार एका राज्याचे सार्वजनिक अभिलेख देशभर पूर्ण विश्वासाने ग्राह्य धरले जातात. देशाच्या सीमेपलीकडे मात्र संविधानाचा अंमल नाही. तेथे आंतरराष्ट्रीय करार लागतो. १९६१ च्या हेग कराराने त्यासाठी ‘अपॉस्टिल’ नावाचे एकच प्रमाणपत्र ठरवून दिले. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

क्रम साधा आहे. शैक्षणिक कागद राज्याच्या शिक्षण विभागाकडून आणि व्यक्तिगत दाखले गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून आधी प्रमाणित करावेत. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल देते. मंत्रालयाचे शुल्क प्रत्येक कागदास ५० रुपये आहे. कागद मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात व त्यांचे ठरीव सेवाशुल्क वेगळे असते. मग हजारो रुपये कशाचे? पावती मागा, हिशेब मागा.

देशही पाहावा लागतो. सौदी अरेबियात २०२२ आणि कॅनडात २०२४ पासून हा करार लागू झाला. तेथे आता अपॉस्टिल पुरते, दूतावासाचे हेलपाटे नकोत. संयुक्त अरब अमिराती करारात नाही, म्हणून तेथे दूतावासाचे साक्षांकन लागते. काही विद्यापीठे अपॉस्टिल मागतच नाहीत. म्हणून खर्च करण्यापूर्वी संबंधित संस्थेला लेखी विचारावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपॉस्टिल सही, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्का एवढ्याचीच खात्री देते. मजकूर खरा आहे, असे ते सांगत नाही. आपल्या समाजात हा प्रश्न अधिक बिकट आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी नावे, आडनावे बदलली. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, पासपोर्टवर दुसरे, अशी गुंतागुंत घराघरांत आहे. ती अपॉस्टिलने सुटत नाही. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून कागद आधी जुळवून घ्यावेत. व्हिसाची तारीख जवळ आल्यावर ही धावपळ करून उपयोग नाही.

पण सगळा दोष समाजाच्या माथी मारून शासनाला सुटता येणार नाही. परराष्ट्र मंत्रालयाने १ जानेवारी २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरच्या शहरांत नेले. त्या यादीत मुंबई होती, पणजी होती, पण दीक्षाभूमीचे नागपूर नव्हते! गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांचा विचार कोणी केला? २०१७ मध्ये ‘ई-सनद’ ही ऑनलाइन सोय सुरू झाली. परंतु विद्यापीठाने पदव्यांची नोंद संगणकावर आणलीच नसेल, तर त्या सोयीचा उपयोग काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नागपूरला अपॉस्टिलचे केंद्र द्या. शिष्यवृत्तीधारकांच्या प्रमाणीकरणाचा खर्च सामाजिक न्याय विभागाने उचलावा. बार्टीने मराठीत माहितीपुस्तिका काढून प्रत्येक जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात ठेवावी. तोवर समाजातील वकिलांनी आणि कर्मचारी संघटनांनी विहाराविहारांत मार्गदर्शन शिबिरे घ्यावीत. शिष्यवृत्ती हक्काची आहे, तशी ती वापरण्यासाठी लागणाऱ्या कागदाची वाटही हक्काचीच आहे. त्या वाटेवर दलालाचा नाका आम्ही का खपवून घ्यावा?