चालत्या जिन्याची वकिली

न्यूयॉर्कला जाऊन आलेल्या माणसाला 'काय पाहिलेत?' असे कोणी विचारले, तर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा किंवा एम्पायर स्टेट बिल्डिंग असे काहीतरी सांगायचे असते. मी मेसीच्या दुकानातला लाकडी सरकता जिना सांगितला. आमचे एक इंजिनिअर स्नेही आधी मनसोक्त हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "अहो, ती धोक्याची वस्तू आहे. काढून एखाद्या म्युझियममध्ये ठेवायला हवी." ह्या एवढ्याशा बोलण्यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही इतक्या सभ्य वेषात वावरतात की त्यांना कोणी हटकत नाही. मी हटकणार आहे.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. ब्रॉडवे आणि चौतिसावा रस्ता जिथे भेटतात तिथे १९०२ साली मेसीचे हे दुकान उघडले. पुढे १९२४ आणि १९३१ मध्ये ते सातव्या अव्हेन्यूच्या दिशेने वाढत गेले. खालच्या मजल्यांवर अत्तरे, आरसे आणि धातूचे गुळगुळीत जिने; कुठल्याही विमानतळावर असतात तसे. वर चढत जावे तसतशी अत्तराची दाटी ओसरते आणि एका मजल्यावर पायाखाली एकाएकी लाकूड येते. लाकडी पायऱ्या, पायऱ्यांना उभ्या अरुंद पट्ट्या, दोन्ही अंगांना लाकडी तक्तपोशी. आणि आवाज! लाकडी पुलावरून बैलगाडी जावी तशी एक संथ, सारखी खडखड. पुढे उभी असलेली एक बाई पिशव्या सावरत टेलिफोनवर बोलत होती, मागे एक पोर पट्ट्या मोजत होते. कोणी त्या जिन्याकडे पाहत नव्हते. मला सर्वांत आवडले ते हेच. जिना कामावर होता.

ह्या यंत्रांचा आणि मोठ्या दुकानांचा जन्म एकमेकांत गुंतलेला आहे, हे आपण विसरतो. इलायशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर उभे राहून दोर कापायला लावला आणि पाळणा जागीच अडकलेला लोकांना दाखवला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ च्या मार्चमध्ये, त्याची माणसांसाठीची पहिली लिफ्ट बसली ती हॉफिसात नव्हे की हॉटेलात नव्हे; ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या हॉवाउट ह्यांच्या पाच मजली दुकानात, चिनी मातीची भांडी आणि झुंबरे विकायला. वाफेवर चालणारी ती लिफ्ट मिनिटाला सुमारे चाळीस फूट चढे. म्हणजे धडधाकट गिऱ्हाईक जिन्याने तिच्या आधी पोचले असते. पण गिऱ्हाइकाला चढवायचे नव्हतेच, त्याला वरचा माल दाखवायचा होता.

लिफ्टची अडचण अशी की ती दहा-पंधरा जणांना पेटीत कोंडते, बाकीच्यांना दारात ताटकळत ठेवते, आणि मधले मजले कोणाला दिसूच देत नाही. सरकत्या जिन्याला रांग नाही, दार नाही, आणि चढता चढता सगळे दुकान नजरेखालून जाते. दुकानदार तो हेरणार नाही तर काय! लंडनच्या हॅरॉड्सने १८९८ मध्ये पहिला सरकता पट्टा बसवला, तेव्हा वर पोचलेल्या घाबऱ्या गिऱ्हाइकांना ब्रँडी आणि हुंगायचे क्षार देण्याची सोय केली होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सीबर्गरचा पायऱ्यांचा जिना मिरवला आणि दोन वर्षांनी मेसीच्या नव्या इमारतीत लाकडी जिने आले. तेव्हा ह्या जिन्यावर काव्य करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तो विक्रीचा सापळा होता. चांगला सापळा, पण सापळाच.

काव्य करणाऱ्यांवर माझा राग आणखी एका कारणासाठी आहे. 'एकशेवीस वर्षांपूर्वीच्या त्याच पायऱ्या' असे ते बिनधास्त लिहितात. सीबर्गरच्या मूळ पायऱ्या सपाट होत्या. त्यांवरून उतरताना शेवटी बाजूला सरकावे लागे. पट्ट्यांची पायरी आणि तिच्या खाचांतून जाणारी फणी ही दुसऱ्याच माणसाच्या, जेसी रेनोच्या, कल्पनेतून आली, आणि ओटिस कंपनीने दोघांचे गुण एकत्र केले ते १९२० नंतरच्या काळात. आज पायाखाली येतात त्या पट्ट्याच आहेत. तेव्हा १९०२ चे म्हणून जे डोळे ओले केले जातात, ते निदान पायरीपुरते तरी चुकीच्या पत्त्यावर जातात. मला त्यात उणेपणा वाटत नाही. झिजले ते बदलले, सुधारले ते स्वीकारले, म्हणून तर जिना चालू राहिला.

आता स्नेह्यांची पहिली चूक: धोका. लाकडी सरकता जिना म्हटला की जाणकार माणसाला किंग्ज क्रॉस आठवते आणि आठवलेच पाहिजे. १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी लंडनच्या त्या भुयारी स्टेशनात लाकडी जिन्याला आग लागली आणि ३१ माणसे गेली. जळती काडी पायरी आणि कडेची फळी ह्यांच्या फटीतून खाली पडली होती. चौकशीत आणखीही बाहेर आले. लाकडी कडांच्या मधल्या उतरत्या घळीत ज्वाला आडवी पसरली आणि मग एकदम वर तिकिटघरात उसळली. लाकूड निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. भुयारात ते नकोच होते. पण ती काडी पडली कशावर? वर्षानुवर्षे न झाडलेल्या वंगणाच्या आणि तुसाच्या थरावर. जिन्याखाली पाण्याचा फवारा बसवलेला होता. तो कोणी चालवला नाही, कारण तो चालवायचे शिक्षण नोकरांना दिलेले नव्हते. फेनेल ह्यांचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. तो वाचून ज्याला फक्त 'लाकूड काढा' एवढेच सुचते, त्याने अर्धाच अहवाल वाचला म्हणायचे.

उरलेला अर्धा कोणी वाचला नाही की काय होते? चीनमधल्या चिंगचौ शहरात २०१५ च्या जुलैत, एका मोठ्या दुकानात, धातूच्या जिन्याच्या वरच्या टोकाची पत्र्याची फळी एका आईच्या पायाखाली खचली. तिने हातातले मूल पुढे ढकलले. ती स्वतः वाचली नाही. फळी हलते आहे हे काही मिनिटांपूर्वीच दुकानातल्या माणसांच्या लक्षात आले होते. जिना थांबवला गेला नाही. तिथे लाकडाचा संबंध नव्हता आणि जुनेपणाचाही नव्हता. 'जुने म्हणून धोक्याचे' ह्या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की ते झाडायला, पुसायला, तपासायला माणूस ठेवणे आम्हाला परवडत नाही. मग तसे स्वच्छ सांगावे. सुरक्षिततेचे नाव कशाला घ्यावे? आपल्याकडे फोर्टातल्या जुन्या इमारतींमधून जाळीच्या दाराची लिफ्ट जाते, तेव्हा तिच्याबरोबर स्टुलावर बसलेला लिफ्टमनही जातो. अमुक दार नीट बसत नाही, तमुक मजल्यावर हिसका बसतो, हे त्याला कानाने कळत असे. नव्या लिफ्टची जाहिरात करताना ह्या कानाचा पगार वाचला, असे कोणी छापत नाही.

दुसरी चूक म्युझियमची. सिडनीच्या विनयार्ड स्टेशनातले १९३१ सालचे लाकडी जिने काढले, आणि २०१७ मध्ये एका शिल्पकाराने त्यांच्या दोनशेहून अधिक पायऱ्या वळवून वेटोळ्यासारख्या छताला टांगल्या. शिल्प देखणे आहे, हे चित्रांवरूनही कळते. लोक माना वर करून पाहतात आणि खालच्या नव्या जिन्याने जातात. ज्या पायरीचा सारा अर्थ माणूस तिच्यावर उभा राहण्यात होता, ती आता कोणाच्याही पायाला लागणार नाही अशी व्यवस्था केली. आणि ह्याला जतन म्हणतात! उलट बेल्जियममधल्या अँटवर्पला शेल्ट नदीखालून पायी जायचा बोगदा आहे, १९३३ सालचा. त्याचे लाकडी सरकते जिने डागडुजी करून चालते ठेवले आहेत, आणि लोक सायकली धरून त्यांवरून चढतात-उतरतात. जमते, असा त्याचा अर्थ. परवडते की नाही हा निराळा प्रश्न, आणि तो माणसे ठेवायच्या इच्छेचा आहे.

मेसीनेही २०१२ पासून दुकानाचे जे मोठे नूतनीकरण काढले, त्यात लाकडी जिने ठेवले, ह्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण माझे मन निर्धास्त नाही. १९७८ साली ती इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली हे खरे. मात्र अमेरिकेत ह्या मानाने खाजगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. तो स्वतःच्या पैशाने स्वतःच्या दुकानात हवा तो जिना उपटू शकतो. आणि दुकानेच उपटली जात आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत मेसीने सुमारे दीडशे दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. २०२५ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियातले, एके काळच्या वॉनामेकर ह्यांच्या भव्य वास्तूतले दुकान बंद झाले. गिऱ्हाईक घरी बसून बोटाने माल मागवते. त्याला वरच्या मजल्यावर चढवायची गरज कोणाला राहिली?

हे सारे स्नेह्यांना सांगितले. ते म्हणाले, "मग तुम्ही काय विकत घेतलेत तिथे?"

मी काहीच घेतले नव्हते. फुकट वर गेलो, फुकट खाली आलो. पुन्हा गेलो तर निदान हातरुमालांची एक जोडी घेईन, आणि ती वरच्या मजल्यावरून घेईन.