आईचे ताट, मुलाची बुद्धी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या आहाराची व गर्भारपणाची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला, आणि तेव्हापासून साचत गेलेल्या त्या दफ्तराने आपल्या कित्येक समजुतींना धक्का दिला आहे. भाकरी-कालवणाने पोटे भरत होती. पण सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले.

ही उणीव वरकरणी ओळखू येत नाही. ब-१२ पुरेसे नसले म्हणजे होमोसिस्टीन हे द्रव्य, ज्याचे एरवी मेथिओनिनमध्ये रूपांतर व्हावयाचे, ते रक्तात साठत जाते, आणि त्याचे वाढलेले प्रमाण हा त्या उणिवेचा एक दाखला ठरतो. मज्जातंतूंवर मायलिनचे जे स्निग्ध आवेष्टन गर्भावस्थेतच चढू लागते, त्याच्या जडणघडणीला हे जीवनसत्त्व लागते. त्या स्त्रियांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतील काहींना अंक उलट क्रमाने म्हणावयास सांगितले, कागदावरील रंगीत वर्तुळे आकड्यांच्या क्रमाने जोडावयास दिली; ज्यांच्या मातांच्या रक्तात ब-१२ अत्यल्प होते ती मुले स्मरणाच्या व अवधानाच्या या कामांत मागे पडली. सामान्य बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे, कारण भयाने अतिशयोक्ती करून मुलांचे हित साधत नाही.

ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून. गावोगावी सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या डेअरीकडे जातात, घरात उरते ते चहापुरते, आणि त्या उरलेल्यातही मुलीचा वाटा शेवटचा. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत लोह व फोलिक आम्ल असते, ब-१२ नसते. त्याच मातांच्या वयात आलेल्या मुलामुलींना २०१२ पासून रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पाहिले गेले. पुढे ते घेतलेल्या मुलींची बाळे दोनेक वर्षांची झाली तेव्हा आकलनात व भाषेत सरस ठरली. इतक्या अल्प मात्रेने हे घडत असेल, तर आरोग्य खात्याने त्या गोळीचा तपशील पुन्हा तपासावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. आणि खात्याचा हुकूम निघेपर्यंत घरच्या दह्याची एक वाटी, लग्नाला अजून अवकाश असलेल्या लेकीच्या ताटात, रोज आधी पडावी.