लग्न चर्चमध्ये झालं, पण कागदावर?

लग्न ठरलंय, असं एखाद्या ख्रिस्ती मुलाने मित्रांना सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मुलगी तुमच्यातलीच का?’ पुण्या-मुंबईत या प्रश्नाला दहा उत्तरं असू शकतात. भोर-वेल्ह्यात मात्र ‘तुमच्यातली’ म्हणजे नक्की कोण, हे शोधण्यातच दोन-तीन वर्षं जातात.

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार. म्हणजे शंभरात एकसुद्धा पूर्ण नाही. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुणे याच पट्ट्यात. वेल्हे (आता राजगड) तालुक्याची सगळी लोकसंख्याच तेव्हा ५४ हजारांच्या आसपास होती. अशा ठिकाणी मंडळी म्हणजे मोजकी घरं. संडे स्कूलपासून नाताळच्या नाटकापर्यंत जी मुलं-मुली एकत्र वाढली, ती एकमेकांना दादा-ताई म्हणतात. त्यांच्यात सोयरीक कशी जुळायची? मग नगर, सोलापूर, पुणे, कधी मुंबई असं स्थळ शोधत जायचं. तिथेही ‘आम्ही ख्रिस्ती’ एवढ्यावर भागत नाही. ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न येतोच. बाप्तिस्म्याने जात जाते असं वेदीवरून सांगितलं जातं आणि लग्नाच्या बैठकीत ती सतरंजीवर येऊन बसते. यावर मंडळ्यांमध्ये उघड बोललं जात नाही. ते बोललं गेलं पाहिजे.

ही घरं इथे काल-परवा आलेली नाहीत. भोर हे पंतसचिवांचं संस्थान. ऑस्ट्रेलियातून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी १८९३ मध्ये ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ सुरू केलं आणि नसरापूर हे त्याचं एक मोठं केंद्र झालं. बनेश्वरला फिरायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? मिशनरी गेले, मंडळ्या उरल्या. पुढे त्यांच्या शेजारी नवी, स्वतंत्र प्रार्थनाघरं आली. कुणाच्या घराच्या हॉलमध्ये, कुठे पत्र्याच्या शेडमध्ये.

आता आजच्या पिढीकडे येऊ. भोरमधला मुलगा शिरवळच्या किंवा खेड शिवापूरच्या कंपनीत जातो, मुलगी पुण्यात नर्सिंगला असते. ओळखी होतात, प्रेम होतं आणि बहुतेक वेळा समोरची व्यक्ती ख्रिस्ती नसते. आकडेच तसे आहेत, यात कुणाचा दोष नाही. घरी कळतं. रडारड, अबोला, मग नातेवाइकांची मध्यस्थी. आणि शेवटी एक तोडगा निघतो, जो सगळ्यांना सोयीचा वाटतो. ‘तिला बाप्तिस्मा घेऊ दे, मग चर्चमध्ये लग्न लावू.’

माझ्या मते हा सगळ्यात वाईट तोडगा आहे, आणि मुख्य म्हणजे कायद्याला त्याची गरजच नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी या कायद्याने लग्न लागू शकतं. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमांतही बिशपची परवानगी घेऊन ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीशी लग्न करण्याची सोय आहे. (कॅथलिक जोडीदाराला मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी प्रयत्न करण्याचं वचन मात्र द्यावं लागतं. ते आधी नीट समजून घ्या.) बाकीच्या चर्चचे नियम वेगवेगळे आहेत आणि पाळकसाहेब नाही म्हणू शकतात. पण ‘चर्च नाही म्हणतं’ आणि ‘कायदा नाही म्हणतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच असल्यासारखं मुलांना सांगितलं जातं.

लग्नापुरत्या बाप्तिस्म्याने हाती काय लागतं? मंडळीला मनाने न आलेला एक सभासद मिळतो. मुलीच्या माहेरी कायमची सल राहते. त्यात सध्याची हवा बघा. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. सुरुवातीला तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते. टीका झाल्यावर दोन दिवसांत ते वगळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती आली, तिचं काम सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करण्याचं. उत्तर प्रदेशात तर फक्त लग्नासाठी केलेलं धर्मांतर असेल, तर ते लग्नच रद्द ठरवण्याची तरतूद आहे. अशा वातावरणात लग्नाच्या आदल्या आठवड्यात घाईने उरकलेला बाप्तिस्मा म्हणजे विरोधकांच्या हातात दिलेला पुरावा. श्रद्धेने कुणाला यायचं असेल तर तो त्याचा हक्कच आहे. पण मग त्याला लग्नाची तारीख कशाला जोडायची?

उलट बाजूचा शॉर्टकटही तितकाच धोक्याचा. ‘चर्चवाले ऐकत नाहीत ना, मग देवळात हार घालू आणि नोंदणी करून टाकू.’ हिंदू विवाह कायद्याने लग्न व्हायला दोघंही हिंदू (कायद्याच्या व्याख्येत बौद्ध, जैन, शीख धरून) असावे लागतात. आंध्रातल्या एका जोडप्याचं १९९६ मध्ये देवळात लग्न झालं, नोंदणीही झाली. नवरा ख्रिस्ती होता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००८ मध्ये कोर्टाने ते लग्न कायद्याने झालंच नाही असं ठरवलं. नोंदणीचा कागद होता, तरीही!

दोघांनाही आपापला धर्म ठेवायचा असेल तर स्वच्छ रस्ता म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती लागते, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. हे ३० दिवसच नको वाटतात, कारण तेवढ्यात गावभर होतं. भीती खरी आहे. पण आक्षेप घेणाऱ्याला फक्त कायद्यातल्या अटींवरच बोलता येतं. आधीचा जोडीदार जिवंत असणं, वय कमी असणं, जवळचं नातं असणं, मानसिकदृष्ट्या संमती देता न येणं. ‘आम्हाला पसंत नाही’ हा कायद्याने आक्षेप नाही, मग तो काका घेवो की कुठली संघटना.

आणि दोघंही ख्रिस्ती असतील तर सगळं सोपं? इथेच बरेच जण फसतात. लग्न कोण लावू शकतं हे १८७२ च्या कायद्याच्या कलम ५ मध्ये दिलंय. बिशपकडून दीक्षा झालेले धर्मगुरू, राज्य सरकारचा परवाना असलेले पाळक, सरकारी विवाह निबंधक आणि अशाच काही ठरावीक व्यक्ती. घरगुती प्रार्थनासभा चालवणारे पास्टर कितीही प्रेमळ असोत, रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये प्रार्थनेला येणारे असोत, परवाना नसेल तर ते कायद्याने लग्न लावू शकत नाहीत. कलम ६८ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. हे त्यांनाही अनेकदा माहीत नसतं. जोडप्याला कळतं ते पासपोर्टच्या वेळी, नर्स म्हणून परदेशात जाताना नवऱ्याचा व्हिसा काढायचा असतो तेव्हा. हातात असतं लेटरहेडवरचं सुंदर सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट आणि खिडकीमागचा माणूस विचारतो, ‘रजिस्टरचा नंबर?’

ज्यांचं असं लग्न होऊन गेलंय त्यांनी घाबरून जाऊ नये. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली आधी झालेल्या लग्नाची नोंदणी करता येते. एकत्र राहत असायला हवं, नोंदणीच्या वेळी दोघांचंही वय २१ पूर्ण हवं, जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. नोटिशीचे ३० दिवस इथेही आहेतच.

आता जरा अवघड विषय. काही घरं चर्चच्या रजिस्टरवर नाव येऊच देत नाहीत, आणि त्यामागे कारण असतं ते जातीच्या दाखल्याचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. म्हणून रविवारी उपासनेला यायचं आणि कागदावर जुनाच धर्म ठेवायचा, असं चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणं हे धरून त्या तरुणीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक आहे, इतक्या कडक शब्दांत. शेजारी तीच वागणूक देतात, विहिरीवरचा अनुभव बदलत नाही, मग धर्म बदलल्यावर सवलत का जावी, हा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याचाच अभ्यास करायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. पण कायदा बदलेपर्यंत लग्नाची नोंद लपवण्याची किंमत बाईच भरते. नवरा वारला किंवा सोडून गेला तर बायको असल्याचा पुरावा तिलाच द्यावा लागतो.

सोडून जाण्यावरून आठवलं. २००१ पर्यंत ख्रिस्ती बायकोला घटस्फोटासाठी नवऱ्याचा नुसता छळ पुरत नसे, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, नंतर संसदेने १८६९ चा कायदा बदलला आणि परस्पर संमतीचा मार्गही आला. चर्चने लग्न रद्द ठरवलं म्हणजे कायद्याने मोकळे झालो, असंही नाही. त्यासाठी कोर्टातच जावं लागतं.

मिश्र लग्न टिकत नाही म्हणणाऱ्यांना मराठीतलंच एक घर दाखवावं लागेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या. ताटातूट झाली, मग त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही हिंदू म्हणूनच, वेगळी चूल मांडून. स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आपल्या मनाने. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की त्या घरात घाई कुणी केली नाही, भांडणं मात्र भरपूर झाली.

तर लग्न ठरलं असेल, तर हॉल आणि केटररच्या आधी पाळकसाहेबांना तीन गोष्टी विचारा. लग्न लावण्याचा अधिकार कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे? परवाना लागत असेल तर बघायला मिळेल का? आणि नोंदीची प्रत निबंधकाकडे कधी जाणार? परवानाधारक पाळकांना ती एका महिन्याच्या आत पाठवावी लागते. विचारायला संकोच वाटला तर तरुण संघाच्या सभेत सगळ्यांसमोर एकदाच विचारून घ्या. रजिस्टरवर पाळक, तुम्ही दोघं आणि दोन साक्षीदार अशा सह्या झाल्या की नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, हे तिथेच तपासा. नंतर दुरुस्तीसाठी हेलपाटे तुम्हालाच घालावे लागतात.